आधिदैविक की आधिभौतिक? कृष्णाकाठ आणि माणदेश यांच्यातील अंतराचा विचार

सांख्यदर्शनाचा आरंभ दुःखाच्या वर्गीकरणापासून होतो. माणसाला होणारा ताप तीन प्रकारचा मानला जातो: स्वतःच्या शरीरातून व मनातून उद्भवणारा तो आध्यात्मिक, इतर माणसे आणि प्राणी यांच्याकडून पोचणारा तो आधिभौतिक, आणि ग्रह, देवता, ऊन, पाऊस अशा माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तींमुळे ओढवणारा तो आधिदैविक. अवर्षण आणि त्यातून येणारा दुष्काळ यांना परंपरेने तिसऱ्या वर्गात बसवले आहे. हे वर्गीकरण वरवर पाहता शास्त्रीय काथ्याकूट वाटते, परंतु दुःख कोणत्या वर्गातले हे एकदा ठरले की त्यावर उपाय कोणता आणि त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा हेही ठरून जाते. आधिदैविक तापावर शांती करावी, नवस बोलावा, धीर धरावा. आधिभौतिक तापाबद्दल मात्र दाद मागता येते, कारण तेथे समोर कोणीतरी माणूस असतो. एखाद्या प्रदेशाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य या दोहोंपैकी कोठे घालायचे, हा प्रश्न धर्मविचाराचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. प्रादेशिक असमतोलाचे जे सिद्धान्त विसाव्या शतकात मांडले गेले ते वेगळ्या परिभाषेत याच प्रश्नाची उत्तरे देतात. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या प्रश्नासाठी जणू मुद्दाम आखून ठेवल्यासारखे आहेत.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, म्हसवड आहे आणि तेथे वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे राहते. ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो त्या वर्षी तीही गाठली जात नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि पुढच्या माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांवरून, म्हणजे ढोबळमानाने माणदेशावरून, कोरडे वारे वाहतात. भूगोलात यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. इतके सांगितल्यावर बहुतेकांना कोडे सुटल्यासारखे वाटते: पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून पैसा नाही, म्हणजे ताप आधिदैविकच.

हे उत्तर खरे असते तर याच दोन जिल्ह्यांतील सर्वांत संपन्न तालुके जावळी, पाटण आणि महाबळेश्वर हे असायला हवे होते, कारण सर्वाधिक पाऊस तेथे पडतो. वस्तुस्थिती उलट आहे. जावळी आणि पाटणच्या डोंगरी भागात नाचणी आणि भात यांच्यापलीकडे शेती फारशी सरकली नाही, आणि मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व बाजारपेठांत ओझी वाहण्यासाठी याच खोऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली; माथाडी कामगारांची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. दुसऱ्या बाजूला कराड, वाळवा, पलूस आणि मिरजेचा पश्चिम भाग या कृष्णाकाठच्या पट्ट्यात पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माणदेशापेक्षा थोडाच जास्त आणि पाटणच्या घाटमाथ्याच्या मानाने अगदी किरकोळ. तरीही ऊस, साखर कारखाने, दूध संघ, महाविद्यालये आणि आमदार-मंत्री यांचे पीक निघाले ते येथेच. ज्याच्या डोक्यावर पाऊस पडतो तो गरीब, ज्याच्यावर पडत नाही तोही गरीब. श्रीमंत झाला तो मधला, ज्याच्या दारापुढून दुसऱ्यावर पडलेला पाऊस नदी होऊन वाहतो आणि ज्याच्या हाती तो उचलण्याचे साधन आहे. पावसाची वाटणी निसर्गाने केली हे निर्विवाद, परंतु पाण्याची वाटणी निसर्गाने केलेली नाही. कराडजवळच्या खोडशीचा बंधारा आणि त्यावरून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात झाला. नदीकाठच्या सहकारी उपसा सिंचन संस्था स्वातंत्र्यानंतरच्या आहेत. कारखान्यांना परवाने, बँकांचे कर्ज आणि विजेची जोडणी हे सारे माणसांनी, सह्या-शिक्क्यांनिशी केलेले आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे ज्या जागी कर्म घडते ती, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. लोकव्यवहारात मात्र पहिली चार कारणे विसरून पाचव्यालाच एकमेव कारण मानण्याची सवय जडली, आणि ती गीतेच्या नावावर खपवली जाते. कृष्णाकाठाची सुबत्ता या पाच कारणांत फोडून पाहिली तर सपाट काळी जमीन हे अधिष्ठान, सहकारी संस्था हा कर्ता, बंधारा, पंप व वीज ही करणे, राजकीय संघटन ही चेष्टा, आणि दैव म्हणावे ते एवढेच की नदी येथून वाहते. एका कारणावर सगळा भार टाकू नये, ही या श्लोकातील शिकवण आधुनिक सामाजिक शास्त्राला अपरिचित नाही.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ साली जो विचार मांडला त्याचे मर्म जवळपास हेच आहे. त्यांच्या आधीच्या अर्थशास्त्राची समजूत अशी होती की बाजाराला मोकळे सोडले तर भांडवल स्वस्त मजुरीच्या शोधात मागास भागाकडे जाईल, मजूर चढ्या मजुरीच्या शोधात प्रगत भागाकडे जातील आणि कालांतराने दोन्ही भाग एका पातळीवर येतील. मिर्डाल यांनी दाखवले की प्रत्यक्षात उलट घडते. ज्या भागाने काही कारणाने आघाडी घेतली त्याच्याकडे भांडवल, हुशार तरुण, व्यापार आणि सरकारी लक्ष ओढले जाते, त्यामुळे तो आणखी पुढे जातो, त्यामुळे आणखी ओढ वाढते. कारण आणि परिणाम एकमेकांना ढकलत राहतात. यालाच त्यांनी संचयी कार्यकारणभाव म्हटले. पुढारलेल्या भागाचा मागास भागावर दोन तऱ्हांनी परिणाम होतो. पहिला शोषून घेणारा, म्हणजे माणसे व पैसा खेचून नेणारा. दुसरा पसरणारा, म्हणजे मागणी, कौशल्य आणि पैसा परत पाठवणारा. पहिला दुसऱ्यावर सहसा मात करतो, आणि गरीब देशांत तर तो फारच जबर असतो, असे त्यांचे मत होते. पुढच्याच वर्षी अल्बर्ट हर्शमन यांनी जवळपास हीच दोन बले ओळखली, पण शेवटी पाझरणारी समृद्धी जिंकेल असा भरवसा त्यांनी धरला. फ्रान्समधील फ्रांस्वा पेरू यांनी विकास सर्वत्र एकदम न होता काही ध्रुवांभोवती होतो असे सांगितले, आणि जेफ्री विल्यमसन यांनी १९६५ साली आकडेवारीच्या आधारे असे सुचवले की असमतोल आधी वाढतो, शिखर गाठतो व मग आपोआप उतरतो. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी मात्र मागासलेपण हे विकासाचे आधीचे पाऊल नसून विकासाचीच दुसरी बाजू आहे, म्हणजे एकाची वाढ दुसऱ्याच्या खच्चीकरणातूनच होते, असा टोकाचा निष्कर्ष काढला.

या सिद्धान्तांची पारख औंध संस्थानाच्या इतिहासावर करता येते. हे लहानसे संस्थान सलग नव्हते. त्याचे तालुके विखुरलेले होते आणि त्यांत एका बाजूला कुंडल तर दुसऱ्या बाजूला आटपाडी होते. राजा एकच, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आणि त्यांची प्रजाहिताची कळकळ दोन्हीकडे सारखीच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले तेव्हा महाराजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, कर्जही दिले, आणि तेथे लोखंडी नांगराचा कारखाना व त्याभोवती किर्लोस्करवाडी उभी राहिली. पेरूंच्या कल्पनेतला विकासध्रुव तो हाच. त्याच्या शेजारी रेल्वे होती आणि काही मैलांवर कृष्णा होती. आटपाडीलाही महाराजांनी उपेक्षित ठेवले नाही. १९३९ साली तेथे स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली, जिच्या कल्पनेवर पुढे व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. नैतिक प्रयोग आटपाडीला मिळाला आणि यंत्राचा कारखाना कुंडलला. एकाच राजाच्या सद्भावनेला दोन ठिकाणी दोन निराळी फळे आली, याचे कारण राजाच्या मनात शोधून सापडत नाही. ते रेल्वेच्या रुळांत आणि नदीच्या पात्रात सापडते. सद्भावना हे पाच कारणांपैकी एकच कारण होते.

शोषून घेणाऱ्या आणि पसरणाऱ्या परिणामांचे सर्वांत बोलके उदाहरण गलाईच्या धंद्याचे आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या भागांतील माणसे जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबात शुद्ध करून देण्याच्या कामासाठी तामिळनाडू, केरळपासून पंजाब, उत्तर प्रदेशापर्यंत देशभर पसरली आहेत. दूरच्या शहरातील सराफकट्ट्याच्या बोळात दहा बाय दहाच्या खोलीत भट्टी, मूस, चिमटा आणि तेजाबाचा उग्र वास यांच्या सोबतीने आयुष्य काढणारा हा कारागीर गावाला येतो तो यात्रेला किंवा लग्नसराईला. मिर्डाल यांच्या भाषेत गावातील कर्ती माणसे खेचली गेली, हा शोषक परिणाम. आणि परत आलेला पैसा हा प्रसारक. हा पैसा गावात कोठे दिसतो? पहिल्याने मंदिराच्या कळसावर, सभामंडपाच्या संगमरवरात आणि प्रवेशकमानीवर. त्यानंतर दुमजली, बहुतेक वर्ष कुलूपबंद असणाऱ्या घरांत. आणि पाणी येईपर्यंत शेतात जवळपास नाहीच. याबद्दल गलाईवाल्याला देवभोळा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्या रानात विहिरीला पाणी लागण्याची खात्री नाही त्या रानात पैसा घालणे हा जुगार ठरतो, आणि मंदिर ही गावात केलेली एकमेव गुंतवणूक असते जी पाऊस पडो न पडो बुडत नाही. तो पैसा श्रद्धेने खर्च होतो हे खरेच, पण त्यामागे हिशेबही आहे.

यापुढे कर्मसिद्धान्ताचा विचार करावा लागतो, कारण प्रदेशाच्या दारिद्र्याला दैव म्हणणारा माणूस अखेर त्याचाच आधार घेतो. योगसूत्रांत पूर्वकर्माचा विपाक जाती, आयुष्य आणि भोग या तीन रूपांत होतो असे म्हटले आहे, आणि हे तिन्ही व्यक्तीचे असतात. माणदेशात जन्मलेला ब्राह्मण, मराठा, धनगर, महार आणि मांग, सज्जन आणि दुर्जन, या सर्वांच्या वाट्याला एकच कोरडे आभाळ येते. त्या सगळ्यांचे पूर्वकर्म एकसारखे होते असे म्हणायचे, की कर्माचे फळ वाटणारी यंत्रणा तालुक्याच्या हद्दी पाहून चालते असे म्हणायचे? समष्टीचे कर्म म्हणून एक कल्पना या अडचणीतून सुटण्यासाठी पुढे केली जाते, पण ती मूळ सिद्धान्ताचा प्राणच काढून घेते. ज्याचे त्याला हा त्याचा गाभा होता. शिवाय ज्या दिवशी कालव्याला पाणी सुटते त्या दिवशी हजारो कुटुंबांचे प्रारब्ध एका झटक्यात, आणि तेही अभियंत्याने दार वर ओढल्यावर बदलले, असे मानण्याची पाळी येते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली जन्माच्या योगायोगाला नैतिकदृष्ट्या काहीच अर्थ नसतो, त्यामुळे त्यावर कोणाचा हक्क वा शिक्षा ठरू नये, असे प्रतिपादन केले. कर्मसिद्धान्त नेमका या योगायोगालाच अर्थ देऊ पाहतो, आणि प्रदेशाच्या बाबतीत तेथेच त्याचा पाय घसरतो.

परंतु धर्मपरंपरा म्हणजे केवळ हा दैववाद असे समजणे या भूमीवर अन्याय करणारे ठरेल. माण तालुक्यातील गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५-१९१३) नामस्मरणाचे उपदेशक म्हणून ओळखले जातात. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात त्यांनी आपल्या शेतात मातीकाम काढून भुकेल्यांना कामावर लावले आणि त्यांच्या पोटाची सोय केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. सगळे रामाच्या इच्छेने घडते असे शिकवणाऱ्या या संताने दुष्काळात मात्र माणसांच्या हाती कुदळ दिली, यात विसंगती वाटत असेल तर ती दैववादाच्या सोयीस्कर अर्थामुळे वाटते. त्याच काळात दुसऱ्या टोकाने, म्हणजे धर्मचिकित्सेच्या वाटेने, महात्मा फुले याच निष्कर्षाकडे आले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातले, म्हणजे दुष्काळी पट्ट्यातलेच. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे कारण दैवात न शोधता त्यांनी ते अविद्या, भटशाही आणि सरकारी कामगारांची लूट यांत शोधले, आणि डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती व पाणी अडवण्यासाठी सरकारने आपल्या रिकाम्या शिपायांकरवी ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून घ्यावेत अशी सूचना केली. ताप आधिदैविक नसून आधिभौतिक आहे, हे या मुलखाच्या वंशजाने मिर्डाल यांच्या आधी पाऊणशे वर्षे सांगून ठेवले होते.

महाराष्ट्र शासनाने हा प्रश्न हाती घेतला तो अनुशेषाच्या भाषेत. राज्याच्या सरासरीपेक्षा जो भाग रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा बाबतींत जितका मागे तितका त्याचा अनुशेष, म्हणजे राज्याकडे असलेले येणे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली या पद्धतीने सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. विदर्भ-मराठवाड्याची तक्रार खरी होती, आणि तिची तड अशा मोजणीशिवाय लागली नसती. तरीही या पद्धतीत एक तात्त्विक फट होती. मोजणीचा घटक जिल्हा. आणि सांगली जिल्ह्याच्या सरासरीत वाळव्याचा ऊस आणि जतचा माळ एकत्र मिसळले की जतचा माळ कागदावरून नाहीसा होतो. त्यात माणदेश पडला ‘उर्वरित महाराष्ट्र’ या नावाच्या कप्प्यात, ज्याची ओळख पश्चिम महाराष्ट्र म्हणजे साखरसम्राटांचा सधन प्रदेश अशी झालेली. मागास असूनही पुढारलेल्यांच्या यादीत बसवले जाणे हे दुप्पट दुर्दैव, कारण मग तक्रारीलाही तोंड उरत नाही. सरासरी हा न्यायाचा घटक होऊ शकत नाही, याचे साधे कारण असे की तहान सरासरीला लागत नाही. ती माणसाला लागते.

२०१९ चा ऑगस्ट हे याचे दाहक प्रात्यक्षिक होते. कृष्णेला महापूर येऊन सांगली शहर, पलूस आणि वाळव्याची गावे पाण्यात बुडाली होती, माणसे होड्यांतून बाहेर काढली जात होती, आणि त्याच वेळी जत, आटपाडी, माण या भागांत जनावरे चारा छावण्यांत उभी होती आणि टँकरच्या फेऱ्या चालू होत्या. जिल्ह्याची त्या महिन्याची पर्जन्यसरासरी कोणी काढली असती तर ती समाधानकारक आली असती.

पाणी उंचावर नेण्याची कल्पना या मुलखाला नवी नाही. ती धर्माने आधीच रुजवली होती. माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या चैत्री यात्रेत सासवडहून भुतोजी तेल्याची कावड येते. कऱ्हेचे पाणी भरलेल्या रांजणांची ही अवजड कावड खांद्यावर घेऊन भाविक मुंगी घाटाची सरळ अंगावर येणारी चढण साखळी करून, एकमेकांना ओढत-रेटत चढतात आणि त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. परमुलखातील नदीचे पाणी, सामुदायिक बळावर, कोरड्या डोंगरमाथ्यावर नेणे: टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना तत्त्वतः यापेक्षा वेगळे काय करतात? फरक इतकाच की खांद्याच्या जागी पंप आले, आणि देवाच्या जागी डाळिंबाची बाग.

परंतु पंप चालायला आधी पाण्यावर हक्क लागतो. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यापैकी ५६० अब्ज घनफूट महाराष्ट्राला दिले, आणि २००० सालच्या मे महिन्यानंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. ते पाणी अडवण्याच्या घाईतून १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ जन्माला आले. माणदेशाला पाणी देण्याच्या योजनांना गती मिळाली ती बऱ्याच अंशी या मुदतीमुळे. याच खोऱ्यातील कोयनेचे १०५ अब्ज घनफुटांचे धरण मात्र त्याआधीच मुख्यतः विजेसाठी बांधले गेले होते. सुमारे शंभर गावे त्यात गेली, आणि धरणातील मोठा हिस्सा बोगद्यांतून सह्याद्रीपार पोफळीला सोडून वीज काढल्यावर ते पाणी वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळते. राज्याच्या, विशेषतः मुंबईच्या, उद्योगांना त्या विजेने बळ दिले हे कबूल केले तरी फ्रँक यांचा टोकाचा सिद्धान्त ज्यांना पुस्तकी वाटतो त्यांनी या बोगद्याकडे एकदा पाहावे: जमीन पाटणची गेली, प्रकाश मुंबईत पडला, आणि पाणी समुद्राला मिळाले.

पूर्वेकडे पाणी वळावे ही मागणी मात्र ज्यांनी लावून धरली त्यांच्याबद्दल कोणताही सिद्धान्त भाकीत करू शकला नसता. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख दुष्काळी भागातले होते; पण क्रांतिवीर नागनाथ अण्णा नायकवडी वाळव्याचे आणि डॉ. भारत पाटणकर कासेगावचे, म्हणजे दोघेही सुपीक, उसाच्या वाळवा तालुक्यातले. पुढारलेल्या भागाचे हितसंबंध आपोआप पुढारलेल्याच भागाची बाजू घेतात हे मिर्डाल यांचे गृहीत येथे अपुरे पडले. ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रति सरकारच्या लढ्यातून आलेली नीतिबुद्धी हितसंबंधाच्या आड आली. विल्यमसन यांचे ‘आपोआप’ तर येथे मुळीच लागू पडत नाही. पाणी चढले ते परिषदांनी, मोर्चांनी आणि वीस वर्षांच्या चिकाटीने. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितल्यावर म्हैसाळच्या विस्तारित योजनेला एकाएकी जो वेग आला, त्यावरून तर असे दिसते की सीमेपलीकडे जाण्याची भाषा बोलल्याशिवाय सीमेवरच्या माणसाचे म्हणणे ऐकू जात नाही.

आता प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग उरतो. प्रदेशाला पाणी मिळाले म्हणजे न्याय झाला का? १९०१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. सुट्टीत त्यांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेले लहानगे बाबासाहेब आणि घरातील इतर मुले मसूर स्टेशनवर उतरली, आणि जात कळताच त्यांना गाडी मिळेना. कशीबशी बैलगाडी मिळाल्यावर रात्रभरच्या प्रवासात जवळ जेवण असूनही त्यांना पिण्याचे पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी आपल्या आत्मचरित्रपर टिपणांत ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. दुष्काळ हटवण्यासाठी ज्या तालुक्यात तळे खोदले जात होते त्याच तालुक्याच्या वाटेवर मुले तहानलेली राहिली, आणि त्यात पावसाचा काही दोष नव्हता. कृष्णामाई सर्वांची माता असे म्हणणारी, वाईच्या घाटांवर तिचा उत्सव मांडणारी संस्कृती पाण्याला पवित्र मानत होती आणि त्याच पावित्र्याच्या नावाने काहींना त्यापासून दूर ठेवत होती. प्रदेशाप्रदेशांमधील विषमता मिटली तरी प्रदेशाच्या आतली विषमता शाबूत राहू शकते; किंबहुना नवे पाणी जुन्याच पायऱ्यांवरून खाली उतरते.

या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत विचारी उत्तर ग्रंथांतून न येता खानापूर तालुक्यात येरळेच्या वाळूतून आले. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने नदीतील वाळूच्या बेसुमार लिलावाला विरोध केला, थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि लोकांच्या श्रमातून बळीराजा स्मृती धरण बांधले. त्याच्या पाण्याचे वाटप करताना जमिनीचे क्षेत्र न पाहता प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालासुद्धा, पाण्याचा वाटा देण्याचे ठरले. ज्याला जमीन नाही त्याने आपल्या वाट्याचे पाणी घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करावी. पाणी हे जमिनीचे अंग नसून माणसाच्या जगण्याचे अंग आहे, हा त्यामागचा विचार. रॉल्स यांनी कल्पनेत बसवलेल्या अज्ञानाच्या पडद्याआड, म्हणजे आपण बागायतदार होऊन जन्मणार की शेतमजूर हे ठाऊक नसताना, कोणीही माणूस याच नियमाला संमती देईल. धरणाला दिलेले बळीचे नाव हेही सहज सुचलेले नाही. ज्या दानशूर राजाला पुराणात पाताळात ढकलले त्याच्या राज्याची आठवण शेतकऱ्यांनी सणावारी जपली, आणि फुले यांनी त्याला समतेचा राजा म्हणून पुन्हा उभे केले.

आटपाडीच्या पाणी परिषदांनी हाच समन्यायी वाटपाचा नियम मोठ्या योजनांना लावण्याची मागणी केली. तिच्यातून आटपाडी तालुक्यात उघड्या पाटांऐवजी बंदिस्त नळांनी पाणी देण्याची पद्धत आली, ही मिळकत लहान नाही. गळती आणि बाष्पीभवन कमी झाले, आणि टोकाच्या शेताला पाणी पोचण्याची शक्यता वाढली. उपशाच्या वीजबिलातील ८१ टक्के भार शासनाने उचलून लाभधारकांवर १९ टक्केच ठेवला, म्हणजे उंचावर जन्मलेल्याने उंचीची पूर्ण किंमत मोजू नये हे तत्त्वही राज्याने मान्य केले. एवढ्यापुरता माणदेशाचा ताप आधिदैविकाच्या यादीतून निघून आधिभौतिकाच्या यादीत आला आहे. भूमिहीनाच्या वाट्याचे तत्त्व मात्र येरळेवरच्या त्या लहानशा धरणापाशी थांबले. मोठ्या योजनांच्या लाभक्षेत्रात पाण्याची मागणी नोंदवताना आजही सातबारा उतारा लागतो, आणि ज्याच्या नावे सातबारा नाही त्याच्यासाठी त्या अर्जात रकाना नाही.